नऊ, दोन

रात्री तीन ते चारच्या मध्ये
सहा नंबरचा वॉर्ड घोरत असतो,
पुन्ता अरेनासचा वारा खिडकीच्या फटीत शीळ घालतो,
तेव्हा मी कोड शिकते.
वय एक्केचाळीस.
एक्स-रे विभागातला येर्को, माझ्या भाच्याच्या वयाचा,
म्हणतो, दानित्सा, आधी यंत्राकडे छोटं काहीतरी माग.
एका शेअरचा एका दिवसाचा भाव. बस्स.

एवढंच ना.
मागितला.
लाल अक्षरांत अकरा ओळींचा आरडाओरडा.
शेवटची ओळ वाच, येर्को म्हणाला,
आधीच्या दहा म्हणजे नुसता आक्रस्ताळेपणा.
शेवटी लिहिलं होतं: हे कोण, मी ओळखत नाही.
कंपनीच्या नावाला अवतरणचिन्हं घालायची राहिली होती.
उघडंच पाठवलं होतं मी ते, या थंडीत.

मग एक ओळ चार घरं आत सरकायची राहिली.
मग भाव आले, पण यंत्राच्या मते नऊ दहापेक्षा मोठे,
कारण आकडे अक्षरं होऊन आले होते
आणि अक्षरं पहिल्या तोंडओळखीवरच निकाल देतात.
या हिशेबाने हिमोग्लोबिन नऊवाली माझी बारा नंबरची आजी
दहावाल्यापेक्षा ठणठणीत.
हसलो. हळू, कुणी जागं होऊ नये म्हणून.

दिवस मी बाबांच्या वहीतून घेतला होता.
९/२/२००३. लोकरीच्या कंपनीचे शेअर विकले. पोरीची फी.
एवढीच नोंद, पेन्सिलीने.

यंत्राने भाव दिला. पडलेला भाव.
गळाच दाटला माझा.
येर्कोने मान वाकडी करून पाहिलं:
अगं, हे यंत्र उत्तरेत शिकलंय,
तिकडे महिना आधी, दिवस मागून.
सप्टेंबरचा भाव हातात घेऊन
फेब्रुवारीतल्या बापाची कीव करतेयस तू.

दिवस-महिना उलटा केला.
दोन चौकटी कंस आले.
मध्ये काही नाही.

साप समजून भुई धोपटली तासभर.
स्पेलिंग तपासलं, परवानगीची किल्ली बदलली,
इतक्यांदा विचारलं की पलीकडून उत्तर आलं:
फार वेळा विचारताय, मिनिटभर थांबा.
त्या मिनिटात येर्को जांभई देत म्हणाला,
कॅलेंडर पाहिलंस का?
रविवार होता तो.
बाजार बंद. चूक कुठेच नाही.
कोड बरोबर आहे तुझा.

कोड बरोबर आहे.

मी उठून चार नंबरची सलाइन बदलली.
त्या उन्हाळ्यात बाबांच्या होडीचं इंजिन
दुरुस्तीला म्हणून गेलं होतं.
आणि बाबा वल्ही मारू लागले होते,
मॅगेलनच्या सामुद्रधुनीत, त्या वाऱ्यात.
डॉक्टर म्हणालेत, दंडांना व्यायाम हवा.
कोण डॉक्टर, मी कधी विचारलं नाही.
नर्स झाल्यावर पहिल्या पगारातून
त्याच दंडांसाठी मलम आणलं होतं.

सकाळी घरी आले. बाबा ऐंशीचे,
पावाच्या कडेपर्यंत रुबार्बचा जॅम पसरत होते,
कोपरा सुटू न देता.
बाबा, ते लोकरीवाले शेअर,
काय भाव आला होता हो तेव्हा?
सुरी थांबली नाही.
चांगला आला होता, म्हणाले. चांगला.
चहा गार होतोय तुझा.

आता मला आलेख काढता येतो.
फेब्रुवारी महिनाभर रेघ चढते, उतरते,
आणि दर शनिवार-रविवारी तुटते.
येर्को म्हणतो, रिकाम्या जागी आदला भाव भर,
सगळे तेच करतात, एका ओळीचं काम आहे.

ती ओळ मला पाठ आहे.
अजून लिहिली नाही.